बोलावणे आलेच नाही

आमच्या कन्येने गेल्या डिसेंबरात अमेरिकेतील एका विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज धाडला. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. तशी तिची सक्त ताकीद आहे. जानेवारीत समोरच्या बिऱ्हाडातील मुलाला मुलाखतीचे बोलावणे आले. त्याचाही अर्ज तिथेच होता. आम्हाला मात्र आले नाही. झाले! घराची रयाच गेली.

‘आम्हाला’ हे बहुवचन मी जाणूनबुजून वापरले आहे. अर्ज तिचा एकटीचा, पण काळजी घरभर होती. मी तर तिच्याकडून परवलीचा शब्द मागून घेतला आणि सकाळी चहापूर्वी, कॉलेजात दोन तासांच्या मध्ये, रात्री निजताना तिची ई-मेल उघडून पाहू लागलो. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पत्र दडले असेल म्हणून तोही उपसला. आईने एका वाक्यात निकाल दिला, “अरे, पाहायलाच आले नाहीत, तर पसंत कसे करणार?”

हे वाक्य मला फार लागले. आमच्या वेळी प्रवेश म्हणजे फळ्यावर लावलेली गुणांची यादी. बोट फिरवत जावे, नाव सापडले तर पेढे आणावेत. मुलाखत घेतात ती नोकरीसाठी, नाहीतर लग्नासाठी!

शेवटी मास्तर माणूस. काळजी करायची ती निदान अभ्यास करून करावी, म्हणून वाचू लागलो. हार्वर्ड, एमआयटी अशा ठिकाणी या मुलाखती बहुधा माजी विद्यार्थी घेतात, तेही बिनपगारी, आपापली नोकरी सांभाळून. जिथे असे लोक थोडे आणि उमेदवार फार, तिथे सगळ्यांना बोलावणे जाणार कसे? एमआयटी तर स्पष्टच सांगते की मुलाखतीची सोय होऊ शकली नाही तर ती माफ समजावी, अर्जाचे त्याने नुकसान होत नाही.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली, ती मात्र सुखाची नव्हे. १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथे गुणांच्या जोरावर येणारे ज्यू विद्यार्थी वाढले. त्यांना आवर घालण्यासाठी हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली उघड मर्यादा सुचवली. ती फेटाळली गेली, तेव्हा ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांची महती वाढली आणि शिफारशी, छायाचित्रे, मुलाखती यांना भाव आला. जेरोम कॅराबेल यांनी २००५ सालच्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा इतिहास सविस्तर दिला आहे.

इतके वाचूनही मी काय केले असेल? एका परिचितांना फोन करून कुठे शब्द टाकता येईल का, याची चाचपणी केली! कन्या दारातच उभी होती.

मी घाईघाईने तिला एमआयटीचा नियम सांगू लागलो.

“बाबा, आमच्याकडेही तसंच आहे. मला ते अर्ज भरतानाच माहीत होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही रोज ‘आलं का, आलं का’ विचारता ना, तेव्हा वाटतं की मी आधीच नापास झाले.”

मला उत्तर सुचले नाही.

मार्चअखेर निकाल लागला. दोघांनाही नकार. समोरचा मुलगा तासभर बोलून आला होता, आमची बोललीच नव्हती. पत्र मात्र शब्दशः तेच. संध्याकाळी दोघे गच्चीवर बसून ती पत्रे ताडून पाहत होती आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी चहापूर्वी सवयीने मी तिची ई-मेल उघडू गेलो. परवलीचा शब्द बदललेला होता.