रोमिओचे पहिले प्रेम

शाळेच्या फाटकाबाहेर घिरट्या घालणाऱ्या पोराला आपल्याकडे 'रोडरोमिओ' म्हणतात. जुनी माणसे त्याला 'मजनू' म्हणत. एक निजामी गंजवींनी ११८८ साली फारसीत रचलेल्या मसनवीचा नायक, दुसरा शेक्सपिअरच्या नाटकाचा. दोघांची नावे आपल्या रस्त्यावर येऊन शिवी झाली. मजनूवर हा सरळ अन्याय आहे. रोमिओच्या बाबतीत मात्र लोकांनी नाटकाचा पहिला अंक न वाचताच ओळखला, असे आम्हाला वाटते.

कारण नाटक सुरू होते तेव्हा रोमिओ ज्युलिएटच्या प्रेमात नसतोच. त्याला वेड लागलेले असते रोझलिन नावाच्या मुलीचे. पहाटेच्या अंधारात तो गावाबाहेरच्या झाडीत उसासे टाकत फिरतो आणि दिवस उजाडला की खिडक्या लावून खोलीत स्वतःपुरती रात्र करून बसतो. भेटेल त्याला आपले दुःख ऐकवतो. ही रोझलिन कोण, कशी? ती सुंदर आहे आणि तिने लग्न न करण्याचा निश्चय केला आहे, यापलीकडे फारसे काही कळत नाही. संपूर्ण नाटकात तिला एक वाक्यही नाही. रोमिओ बोलतो ते सगळे स्वतःच्या जखमेविषयी. शेक्सपिअरने तिला गप्प ठेवले ते जाणूनबुजून, असे आम्ही मानतो. मोहाला समोरच्या माणसाचा आवाज लागत नाही, चेहरा पुरतो.

मग रविवारच्या रात्री कॅप्युलेट घराण्याच्या मेजवानीत तो शिरतो, तेही रोझलिन दिसावी म्हणून, आणि ज्युलिएटला पाहतो. रोझलिन क्षणात पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लग्न लावून द्या म्हणत फादर लॉरेन्सकडे येतो, तेव्हा तो वृद्ध धर्मगुरू चकित होतो. रोझलिनसाठी गाळलेले अश्रू अजून तुझ्या गालावर वाळले नाहीत, तरुणांचे प्रेम डोळ्यांत असते, हृदयात नसते, अशा आशयाचे तो सुनावतो. कोणत्याही वडीलधाऱ्याने हेच म्हटले असते. आम्हीही म्हटले असते.

दहावीच्या वर्गात आकर्षण आणि प्रेम यांतला फरक विचारला, तर मुले लगेच सांगतात, आकर्षण थोडे दिवस टिकते, प्रेम कायम. हे गाईडमधले उत्तर या नाटकाला लागू होत नाही. रविवारी पहिली भेट, सोमवारी गुपचूप लग्न, त्याच दिवशी दोन खून आणि रोमिओला हद्दपारी, मंगळवारी पहाटे ताटातूट, आणि गुरुवारच्या रात्री दोघेही थडग्यात मृत. इतक्या दिवसांत 'कायम' कशावरून ठरवायचे? शेक्सपिअरने ही कथा ज्या दीर्घ कवितेवरून घेतली, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या कवितेत ती कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत दाबून बसवली. ब्रुकची ज्युलिएट जेमतेम सोळा वर्षांची होती. शेक्सपिअरने तिचे वय आणखी कमी केले. चौदावे पूर्ण व्हायलाही तिला दोन आठवडे आहेत. आपल्या हिशेबाने आठवीतली मुलगी.

तरीही दुसरे प्रेम पहिल्यासारखे नाही, हे वाचताना जाणवत राहते. ते का जाणवते, हे शोधण्यासारखे आहे. रोमिओची स्तुतीची भाषा फारशी बदललेली नाही. तेच उजेडाचे आणि देवदूतांचे दाखले. बदल आहे तो समोरून उत्तर येऊ लागते हा. मेजवानीत दोघांचे पहिले संभाषण चौदा ओळींचे आहे, आणि त्या ओळी एकत्र केल्या की एक पूर्ण सुनीत होते. रोझलिनवर तो एकटाच शब्द उधळत होता. इथे कविता दोघांनी मिळून पुरी केली. सज्ज्यावरच्या प्रवेशात तर ज्युलिएट त्याला अडवतेच. तो चंद्राची शपथ घेऊ लागतो, तर ती म्हणते, रोज आकार बदलणाऱ्या चंद्राची शपथ नको. हे सगळे फार अचानक झाले, विजेसारखे, अशी भीती ती बोलून दाखवते. आणि मग सरळ व्यवहाराचे विचारते: इरादा लग्नाचा असेल तर कुठे आणि केव्हा, ते उद्या माझ्या माणसाकडे कळव. चांदण्यात उभ्या असलेल्या दोघांत शुद्धीवर असलेली तीच.

रोमिओ पुरता सुधारतो असेही नाही. टिबॉल्टने आव्हान दिले तेव्हा तो आता आपला नातलग झाला म्हणून रोमिओ अपमान गिळतो. पहिल्या अंकातला रोमिओ कोणासाठी एवढे करताना दिसत नाही. पण मित्र मर्क्युशिओ मारला जाताच तो तलवार उपसतो. हद्दपारीची बातमी कळल्यावर जमिनीवर लोळून रडतो, जीव द्यायला निघतो. फादर आणि दाई त्याला झापून उभा करतात. शेवटीही तो थांबत नाही. तो थोडा वेळ थांबला असता, तर ज्युलिएट गुंगीतून जागी झालेली त्याला दिसली असती. खरे प्रेम जडले तरी मोहाच्या काळातली घाई त्याच्या अंगातून गेली नव्हती, असे म्हणावे लागते.

मग हे प्रेम खरे की तेही आकर्षणच? आमचे मत असे की ते खरे असण्याच्या सगळ्या खुणा त्यात आहेत, पण त्याला सिद्ध व्हायला लागणारा काळ मिळाला नाही. आणि हा काळ कोणी हिरावला, हे पाहिले की नाटक पोरांकडून मोठ्यांकडे वळते. ज्युलिएटचे वडील आरंभी अगदी शहाण्यासारखे बोलतात. पॅरिस या तालेवार तरुणाने मागणी घातल्यावर ते सांगतात, मुलगी लहान आहे, अजून दोन वर्षे जाऊ दे, आणि आधी तिचे मन जिंक, तिच्या होकाराशिवाय माझा होकार नाही. तोच बाप टिबॉल्टच्या मृत्यूनंतर तिचे लग्न गुरुवारी ठरवतो, मग आणखी एक दिवस अलीकडे आणतो. ती नाही म्हणते तेव्हा घराबाहेर काढण्याची धमकी देतो. आई तोंड फिरवते. तान्हेपणापासून वाढवणारी दाई म्हणते, त्याला विसर, पॅरिस बरा आहे. त्या क्षणानंतर ज्युलिएट घरातल्या कोणालाही खरे सांगत नाही.

हे आपल्या घरांना अनोळखी नाही. मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडते किंवा मोबाईलवर एखादा नंबर दिसतो, आणि महिन्याभरात तिची शाळा सुटते, स्थळ ठरते. चिठ्ठीत काय होते, मुलगी काय म्हणते, हे विचारायला उसंत नसते. खरे तर मोह असेल तर तो काळानेच उतरतो. पण काळ द्यायला धीर लागतो, आणि धीर द्यायचा तर आधी मुलीशी बोलावे लागते. बुखारी शरीफमध्ये हजरत खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांची नोंद आहे. वडिलांनी मनाविरुद्ध लावलेला निकाह त्यांनी हुजूर (सल्ल.) यांच्यापुढे मांडला आणि तो रद्द ठरवण्यात आला. हा वाका आपण वाजमध्ये अभिमानाने सांगतो. घरात मुलगी 'नाही' म्हणाली की कॅप्युलेट होतो.

ब्रुकने आपल्या कवितेच्या प्रस्तावनेत सगळा दोष आईबापांचे न ऐकणाऱ्या प्रेमिकांवर टाकला होता. शेक्सपिअरने कथा घेतली, तो उपदेश घेतला नाही. त्याच्या शेवटच्या प्रवेशात थडग्यापाशी सारा गाव जमलेला आहे, दोन्ही घराण्यांचे वृद्ध बाप समोरासमोर उभे आहेत. फादर लॉरेन्स पहिल्यापासूनची हकीकत सांगतो. आपल्या मुलीचे लग्न झालेले होते आणि ते कोणाशी, हे कॅप्युलेटला तिथे कळते.