प्रखर विस्तव आणि मंद विस्तव

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. अशी भट्टी एकदा पेटविली की वर्षानुवर्षे अहोरात्र तापती ठेवावी लागते. रोज सायंकाळी विझवून सकाळी ती पुन्हा पेटविता येत नाही. भट्टीला जे साधत नाही, ते चार-पाच ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याला साधते.

हा अमेरिका खंडातील गुंजन पक्षी होय. आपल्या बागांत जास्वंदीभोवती घिरट्या घालणाऱ्या जांभळ्या शिंजिराला अनेकजण गुंजन पक्षीच समजतात. परंतु शिंजिराचे कुळ निराळे, आणि तो बहुधा डहाळीवर बसून मकरंद पितो. गुंजन पक्षी हवेत एका जागी तरंगत फुलात चोच घालतो. त्यासाठी लहान जातींना सेकंदाला पन्नासाहून अधिक वेळा पंख हलवावे लागतात. एका जातीत हृदयाचे ठोके मिनिटाला बाराशेंवर गेल्याची नोंद आहे. एवढा विस्तव रात्रभर उपाशीपोटी टिकावा कसा? पुष्कळ जाती रात्री शरीर थंड होऊ देतात व निश्चेष्ट पडून राहतात. पेरू देशात, अँडीज पर्वतावरील एका जातीचे तापमान ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. सकाळी स्नायूंच्या थरथरीने पक्षी पुन्हा तापतो.

अँडीजच्या पूर्वेस, ॲमेझॉनच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातील मॅनाटी राहते. कच्छच्या व मन्नारच्या आखातांत आढळणाऱ्या समुद्रगाईची ही नातलग. लांबी सुमारे अडीच मीटर, वजन तीन-चारशे किलोग्रॅम, आहार केवळ पाणवनस्पतींचा. तिचा विस्तव राखेखाली झाकून ठेवलेल्या गोवरीसारखा असतो: तेवढ्या आकाराच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असलेल्या चयापचयाच्या जेमतेम एक-तृतीयांश. पुराच्या दिवसांत ती भरपूर चरते. नदी ओसरून चारा संपला म्हणजे साठविलेल्या चरबीवर कित्येक आठवडे, अभ्यासकांच्या अंदाजाने सहा-सात महिनेही, काढू शकते. गुंजन पक्ष्याला निश्चेष्ट झाल्यावाचून एक रात्रदेखील जड जाते.

मात्र या मंदपणात एक धोका आहे. मॅनाटीचा गर्भकाळ सुमारे वर्षभराचा, आणि एका वेळी पिल्लू एकच. १९३५ ते १९५४ या काळात तिच्या जाड कातड्यापासून कारखान्यांतील यंत्रांचे पट्टे बनत, आणि त्यासाठी ब्राझीलमध्ये हजारो मॅनाटी मारल्या गेल्या. १९६७ साली तेथे वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी आली. मांसासाठी चोरटी शिकार अद्याप होते. आणि मारल्या गेलेल्या एका मादीची जागा भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात.