तलाव राखावयाचा तर पाणलोट राखावा
डेटा सेंटरसारखे नवे उद्योग आणि मराठवाड्यातील पाण्याचा हिशोब

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरचे अंतर तोडून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्या पहिल्या गाडीत 10 टाक्या होत्या व त्यांत मिळून 5 लाख लिटर पाणी होते. लातूर शहरास पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण त्या वर्षी कोरडे पडले होते. पुढे 50 टाक्यांची गाडी सुरू झाली. या गोष्टीस आता बरीच वर्षे झाली. मधल्या काळात चांगले पाऊसही झाले, धरणे भरली. परंतु भरलेल्या तलावाच्या काठी उभे राहून कोरड्या वर्षाचा विचार करणे, हेच जाणत्या गावाचे लक्षण होय.

अलीकडे पाण्याची मोठी गरज असलेला एक नवा उद्योग पुढे येत आहे. त्यास डेटा सेंटर असे म्हणतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे आज मुख्यतः मुंबई, नवी मुंबई व पुणे या भागांत एकवटली आहेत. तथापि, जमीन स्वस्त आणि वीज उपलब्ध असेल तेथे उद्योग सरकत जातो, हा नेहमीचा अनुभव आहे. प्रस्ताव आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच माहिती करून घेणे हिताचे. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी हा विषय समजून घ्यावा.

डेटा सेंटरला पाणी कशाला लागते?

भ्रमणध्वनी, बँक, सातबारा उतारा, हवामानाचा अंदाज यांची माहिती ज्या यंत्रांत साठविली जाते, ती हजारो यंत्रे एका इमारतीत रात्रंदिवस चालू असतात. त्यांस जितकी वीज दिली जाते, तितकी जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर यंत्रे निकामी होतात. उष्णता घालविण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणे. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. एक मेगावॅटचे केंद्र दिवसाला 24 हजार युनिट उष्णता निर्माण करते. ती सर्व वाफेवाटे घालवावयाची म्हटली, तर दररोज सुमारे 35 हजार लिटर पाणी उडून जाईल. दहा मेगावॅटच्या केंद्रास दररोज साडेतीन लाख लिटर पाणी लागेल. मोठी केंद्रे याहून कितीतरी पटींनी मोठी असतात.

दररोज साडेतीन लाख लिटर म्हणजे माणशी 55 लिटर या प्रमाणाने सहा हजारांहून अधिक लोकांचे रोजचे पाणी होय. वर्षाचा हिशोब सुमारे 13 कोटी लिटर होतो. एक हेक्टर हरभऱ्यास पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यावयास 5 लाख लिटर पाणी लागते. तेव्हा एवढ्या पाण्यात सुमारे 250 हेक्टर हरभऱ्यास एक संरक्षित पाणी देता येईल. शेतास दिलेल्या पाण्यातील काही भाग मुरून विहिरीस परत मिळतो. वाफ झालेले पाणी मात्र गावास परत मिळत नाही.

पाणी कोठून येते?

लातूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 800 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर 80 लाख लिटर पाणी पडते. त्यातील एक दशांश वाहून तलावास मिळते असे हिशोबासाठी धरले, तर हेक्टरी 8 लाख लिटर होतात. वर सांगितलेल्या दहा मेगावॅटच्या केंद्राची वर्षाची गरज भागविण्यास सुमारे 160 हेक्टर पाणलोटाचे सर्व पाणी खर्ची पडेल. दुष्काळात पाऊस निम्मा होतो व अपधाव त्याहूनही अधिक घटतो. केंद्राची गरज मात्र उन्हाळ्यातच सर्वांत अधिक असते.

या भागाचा बराचसा भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी साठते ते कुजलेल्या मुरमात व खडकाच्या भेगांत, आणि हा थर जाडीने थोडा असतो. एका ठिकाणी खोल विंधन विहिरींतून अखंड उपसा झाला, तर शेजारच्या विहिरी आटतात. देगलूर, बिलोली, मुखेडकडील काही भागांत कठीण ग्रॅनाइटी खडक आहे. तेथेही पाण्याचा साठा मर्यादितच असतो.

तलाव म्हणजे केवळ पाण्याने व्यापलेली जागा नव्हे. ज्या माळावरून, ज्या शिवारातून व ज्या ओढ्यांतून त्यास पाणी मिळते, ते सर्व क्षेत्र तलावाचाच भाग होय. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव हजार वर्षांहून अधिक जुना आहे. इतका जुना तलाव टिकतो तो केवळ बांधाच्या दगडांवर नव्हे, तर त्याच्याकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या म्हणून.

पाणलोटात मोठी बांधकामे झाली म्हणजे तीन प्रकारे हानी संभवते. पहिली, माळ सपाट करताना मोकळी झालेली माती पहिल्याच पावसात तलावात जाते व साठवण घटते. दुसरी, सिमेंटच्या पृष्ठभागावर पाणी मुरत नाही. पावसाळ्यात लोंढा येतो आणि हिवाळ्यात ओढा लवकर आटतो. तिसरी, यंत्रे गार करताना पाणी वारंवार फिरविल्याने त्यातील क्षार वाढतात. असे क्षारयुक्त व औषधे मिसळलेले पाणी नाल्यात सोडल्यास जमीन व विहिरी दोन्ही बिघडतात.

इतरत्रचा अनुभव

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात द डॅलेस नावाचे लहान शहर आहे. तेथील गूगल कंपनीच्या केंद्रांनी 2021 साली सुमारे 134 कोटी लिटर पाणी वापरले. हे शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होते. एका वृत्तपत्राने हे आकडे मागितले, तेव्हा ते व्यावसायिक गुपित म्हणून प्रथम नाकारण्यात आले. न्यायालयीन वादानंतर डिसेंबर 2022 मध्ये ते उघड करण्याचे मान्य झाले. यावरून पाण्याचे आकडे आधीच मागणे किती अगत्याचे आहे, हे ध्यानात येईल.

आपल्याकडेही उदाहरण आहे. एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला. टंचाईत पिण्याचे पाणी प्रथम, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. परंतु टंचाई आल्यावर न्यायालयाकडे जाण्यापेक्षा करार होतानाच ही अट घालून घेणे अधिक सोपे असते.

उद्योगास विरोध करणे हा यातील हेतू नाही. शेतकऱ्याचे मोबाइलवरील व्यवहारही अशाच केंद्रांतून चालतात. हवेने यंत्रे गार करण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्यांस वीज अधिक लागते, पण पाणी फार थोडे लागते. शहराचे सांडपाणी शुद्ध करून उद्योगास देता येते. नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविले जाते. जो उद्योग तलावाच्या गोड्या पाण्यावाचून चालू शकतो, त्याने तलावावर हक्क सांगू नये, एवढेच म्हणणे आहे.

गावाने करावयाची कामे

1. तलावाच्या पाणलोटाची हद्द नकाशावर आखून घ्यावी. त्यातील ओढे, नाले, गायरान व पडीक जमिनी गट क्रमांकासह नोंदवाव्यात.

2. गावातील निवडक विहिरींची पाणीपातळी दरमहा एकाच तारखेस मोजून वहीत लिहावी. पर्जन्यमापकाची नोंद व तलावाची पातळीही त्याच वहीत असावी. अनेक वर्षांची अशी वही हा गावाचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

3. माथ्यापासून पायथ्याकडे या क्रमाने समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांधाची कामे करावीत. माथा उघडा ठेवून पायथ्याचा गाळ काढीत बसल्यास खर्च वाढतो व उपयोग टिकत नाही.

4. तलाव व गायरानावर अतिक्रमण होऊ देऊ नये. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात निकाल देताना, गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याची योजना करण्यास सर्व राज्यांना सांगितले आहे.

5. मोठ्या प्रकल्पाची वार्ता येताच ग्रामसभेत पुढील प्रश्न लेखी विचारावेत: दररोज पाणी किती लागणार? ते कोणत्या ठिकाणाहून घेणार? मे महिन्यात किती लागणार? टंचाईच्या वर्षी किती कमी करणार? वापरलेले पाणी कोठे सोडणार? विंधन विहिरी घेणार काय?

6. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी लागते. परंतु इमारत या सदराखालील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणून कोणी बोलावण्याची वाट न पाहता, ग्रामसभेने आपला ठराव व पाण्याची वही वेळीच जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.

यांपैकी पहिली तीन कामे कोणताही प्रकल्प आला नाही तरी लाभाचीच आहेत. त्यांनी विहिरीस पाणी राहील, रब्बीस एक पाळी अधिक मिळेल आणि तलावात गाळ कमी येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपली पाण्याची वही सुरू करावी. ज्या गावाजवळ आपल्या पाण्याचा हिशोब आहे, त्या गावास आपल्या पाण्याविषयी कोणासमोरही ठामपणे बोलता येते.