दगड झालेली विष्ठा आणि लेकरांच्या पोटातले जंत

आपल्या बीड जिल्ह्यात शेणाचे मोल कुणाला सांगायला नको. सारवायला शेण, गोवरीला शेण, खताला शेण. पण जनावराच्या विष्ठेचाही दगड होतो आणि शास्त्रज्ञ तो पुस्तकासारखा वाचतात, हे कळल्यावर आम्हालाही नवल वाटले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावच्या रानात असे दगड सापडतात. ते डायनोसॉर या अजस्र प्राण्यांच्या काळचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या बालाघाटाचा काळा कातळ ज्या लाव्ह्यापासून झाला, तो लाव्हाही त्याच सुमाराचा. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या दगडांत गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले. डायनोसॉर गवतही खात, हे तेव्हा जगाला कळले.

बेल्जियममधल्या अशाच एका दगडात २००६ साली जंतांची अंडी सापडली. वय सुमारे साडेबारा कोटी वर्षे! अशा दगडाचा तुकडा रसायनात विरघळवितात आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अंड्याचे कवच चिवट, म्हणून ते एवढा काळ टिकले.

हाच चिवटपणा आज आपल्या मुळावर येतो. उघड्यावर शौच झाले की जंतांची अंडी मातीत पडतात. गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीपाल्याबरोबर पोटात जातात. आकडीजंताची अळी तर अनवाणी पायातून शिरते आणि पुढे आतड्यात राहून रक्त पिते. लेकरू पिवळे पडते, अभ्यासात मागे पडते. मग आपण म्हणतो, नजर लागली, नाहीतर गूळसाखर फार खाल्ली. मायबहिणींनो, जंत नजरेने होत नाहीत, गोडानेही होत नाहीत.

२०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत गोळी फुकट मिळते. पण नेमकी तेव्हा आपली कितीतरी लेकरे आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर असतात. गावच्या शाळेतली गोळी त्यांना चुकते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : जिथे कोपी पडेल, तिथल्या अंगणवाडीत जाऊन गोळी मागा. लाजू नका. पायात चप्पल, हाताला साबण आणि शौचालयाची मागणी, या तिन्ही गोष्टी सोडू नका.

जंत कोट्यवधी वर्षांचे जुने असतील. पण ते आपल्या लेकरांचे नशीब नव्हे.