जुन्या यंत्रातलं काय जपायचं? : डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलचं उदाहरण

आजचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण आपण त्याच्याकडे एका यंत्राच्या वाटेने जाणार आहोत. जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? तिचे भाग, की तिचं काम? पिंपरी-चिंचवडला हे बोलणं सोपं आहे. इथे अनेकांचं आयुष्य मोटर, बेअरिंग आणि पट्टा यांच्याबरोबर गेलंय.

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या टर्नटेबलमध्ये मोटर भराभर फिरते. रबरी चाक किंवा पट्टा तो वेग कमी करून थाळीपर्यंत पोचवतो. रबर कडक झालं, पट्टा सैल पडला, की सूर डळमळतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने 1970 साली एसपी-10 आणलं आणि मधला दुवाच काढून टाकला. मोटरचा आस तोच थाळीचा आस. 1972 साली एसएल-1200 आलं, 1979 साली त्याचं मार्क 2. या मार्क 2 मध्ये थाळीच्या पोटाला लावलेलं चुंबक हाच मोटरचा फिरता भाग आहे. क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्याशी वेग सतत ताडून पाहिला जातो. चाकणच्या कारखान्यांतली सर्वो मोटर काय करते? तेच. आपला वेग मोजते, हुकमाशी ताडते, फरक भरून काढते.

आता निगा. जपानमधून आलेलं यंत्र 100 व्होल्टचं असू शकतं. आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल. म्हणून मागची पाटी वाचल्याशिवाय पिन लावू नये. आसाला हलकं तेल हवं, तेही थेंबभर. आतले कंडेन्सर वयाने सुकतात. वेग अडखळू लागला तर जाणकाराने तेही तपासावेत. आणि भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र उघडणाऱ्यांना एक खास सूचना: थाळी काढून लेथजवळ ठेवू नका. खालचं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेईल, आणि तो मोटरमध्ये शिरेल.

इथपर्यंत दुरुस्ती झाली. खरा पेच बदलांपासून सुरू होतो.

आपल्याकडे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका 78 फेऱ्यांच्या आहेत. मार्क 2 मध्ये मुळात वेग दोनच, 33⅓ आणि 45. मग काही जण आत फेरफार करून 78 बसवून घेतात. हा बदल योग्य की अयोग्य? आमच्या मते योग्य. पण त्याबरोबर सुईही बदलावी लागते. जुन्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या साधारण तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई त्यात तळाशी जाऊन खरखरते. शिवाय सुरुवातीच्या सगळ्याच ध्वनिमुद्रिका बरोबर 78 वर मुद्रित झालेल्या नाहीत. वेग चुकला तर गाणाऱ्याचा षड्ज सरकतो. मार्क 2 वरची वेगाची सरकपट्टी आठ टक्के वरखाली जाते, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही अधिक. सगळे स्वर एकत्र सरकत असल्याने राग ओळखू येतो, पण आवाजाचा पोत आणि लय बदलते. म्हणजे पट्टी कुठे ठेवायची हे कानाला ठरवावं लागतं.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो : रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. रथ हे जुळणीला दिलेलं नाव. आमचं टर्नटेबलही तसंच आहे. कंडेन्सर बदलला, तार बदलली, बुश टर्नरकडून नवा करून घेतला, तरी जुळणी शाबूत आहे. पण झाकणाला कायमचं भोक पाडलं, मूळ टोनआर्म कापून टाकला, तर पुढच्या माणसाच्या हातातला पर्याय आपण काढून घेतला.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. बदल करा, पण तो उलटा फिरवता यावा असा करा. काढलेला भाग पिशवीत घालून यंत्राजवळ ठेवा, आणि काय केलंय ते कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. स्क्रूने बसेल तिथे डिंक लावू नका. भोक पाडण्याआधी आहे त्या भोकात बसेल असा तुकडा लेथवर करून घ्या. हे कौशल्य या पट्ट्यात गल्लोगल्ली आहे. एका यंत्राच्या मालकीपेक्षा त्याचे काही काळाचे विश्वस्त असल्यासारखं वागणं अधिक नेमकं आहे, असं आम्हाला वाटतं. पुढच्या माणसालाही हे यंत्र उघडता यायला हवं, त्यातलं कळायला हवं, आणि त्याच्या मनात आलं तर ते पूर्ववतही करता यायला हवं.