मसाई पठारावर वाट का चुकते?

१६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवर आजही दर पावसाळ्यात पदभ्रमण मोहिमा निघतात. काही जण एकटेच निघतात. म्हाळुंगे गावापुढे मसाई पठार लागते. जांभ्याचा हा सपाट, उघडा सडा जुलैत दिवसदिवस धुक्यात असतो. खरे तर तो ढगच. समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. त्यांच्यावर आदळून प्रकाश चहूकडे विखुरतो. मग झुडूप, आकाश आणि कड्याची धार सारे एकाच पांढऱ्या रंगात मिसळते.  

अशा वेळी ‘नाकासमोर चालत राहू’ हा विचारच घात करतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी काही जणांना जंगलात सरळ चालायला सांगितले आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊन असताना माणसे जवळपास सरळ गेली. आभाळ भरून आलेल्या दिवशी चाललेले चौघेही मात्र गोल फिरले. तिघांनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना ते कळलेही नाही. एक पाय किंचित आखूड असल्याने असे होते, हा समज टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. ‘सरळ’ कुठे, याच्या मेंदूच्या अंदाजात पावलागणिक थोडी चूक साचते. सूर्य किंवा दूरची खूण ती दुरुस्त करते. ढगात दोन्ही नसतात.

दुसरा धोका गारठ्याचा. त्यासाठी बर्फ लागत नाही. कोरड्या कपड्यांत अडकलेली हवा अंगातली ऊब राखते. कपडे भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या चोवीसएक पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात पठारावरचा वारा. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की कापरे भरते, बोटांना बटण लावता येत नाही, जीभ जड होते. पुढे विचारशक्तीच मंदावते. सोबतचा माणूस हे ओळखतो. एकट्याला आपले काय होते आहे, तेही उमगत नाही.

म्हणून पावसाळ्यात या पठारावर एकट्याने जाऊ नये. जवळच्या वाडीतला माहीतगार घ्यावा, होकायंत्र आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे जवळ ठेवावेत. तिघे असाल तर एकमेकांना दिसतील एवढ्या अंतराने एका ओळीत चाला. होकायंत्र शेवटच्याच्या हाती द्या: पुढचे दोघे होकायंत्रावर ठरवलेल्या दिशेच्या रेषेतून सरकले, की त्याने हाक मारायची. कडा कुठे आहे याची खात्री नसेल, तर थांबा, कोरडे कपडे घाला आणि ढग विरळ होण्याची वाट पाहा. पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.