इंजिन खोलण्याचे दिवस आणि तांडेलाचा कान

जूनचा पहिला आठवडा उलटला की हर्णै बंदराचा आवाज बदलतो. संध्याकाळी वाळूवर चालणारे मासळीचे लिलाव थांबलेले असतात. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि त्यांच्या पोटातून हातोड्याचे ठोके ऐकू येतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मासळीच्या विणीचे हे ६१ दिवस इंजिनाच्याही कामी येतात. दहा महिने राबलेलं डिझेल इंजिन खोलायला दुसरी सवड नसते.

किती राबलेलं? महिन्याला वीस दिवस आणि दिवसाला बारा तास धरले, तरी हंगामात २,४०० तास होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तेवढ्या तासांत ९६,००० किलोमीटर तोडेल. त्यात ट्रकला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. जाळं ओढणाऱ्या नौकेला उतार नाही.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन सोळा-अठरा पटींनी दाबतो, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. (हेच डिझेल १९१३ मध्ये इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत बेपत्ता झाले आणि नंतर समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला.) सगळा खेळ दाबाचा असल्याने पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले की हवा बाजूने निसटते, ताप कमी पडतो आणि इंजिन थंडीत सुरूच होत नाही. मेस्त्री हेड उतरवतो आणि आधी लायनरच्या वरच्या टोकाला नख फिरवतो. तिथे नख अडकलं, म्हणजे रिंगांनी खालचा भाग खाऊन काठ तयार केला आहे. मोजमाप नंतर होतं. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाची झीज इथे पुष्कळ झाली. क्रँक आणि बेअरिंगमधली तेलाची फट तर साधारण आपल्या केसाच्या जाडीइतकीच असते.

खोलण्याआधीही इंजिन बरंच सांगत असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, नॉझल बिघडलंय किंवा हवा कमी पडतेय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कुठून तरी पाणी आत शिरतंय. पाणी शिरणं सर्वांत वाईट, कारण ते बहुधा खारं असतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि इंजिन थंड ठेवायला हेच पाणी कूलरमधून फिरवलं जातं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला कमकुवत धातू विरघळू लागतो. म्हणून कूलरमध्ये मुद्दाम जस्ताचा तुकडा बसवतात. जस्त झिजतं, बाकीचे धातू वाचतात. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी सुचवली होती. तांबं वाचलंही. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच जहाजाला शिंपले-कालवं चिकटत नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तांबं विरघळायचं थांबलं आणि जहाजांचे तळ त्यांनी भरून गेले. हर्णैच्या मेस्त्रीला डेव्ही ठाऊक नसतील, पण जस्त किती उरलंय हे तो दरवर्षी पाहतो. अजिबात झिजलं नसेल तर खूश होत नाही, तपास करतो. जस्ताऐवजी दुसरं काही झिजत असणार.

या कामातला एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. नॉझल तपासताना डिझेलचा फवारा सुमारे २०० बार दाबाने सुटतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा जवळजवळ शंभरपट. बोट त्यापुढे आलं, तर डिझेल कातडीत घुसतं. वर सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं आणि दुखतही फारसं नाही. माणूस फडक्याला बोट पुसून कामाला लागतो. काही तासांत आतला मांसल भाग मरू लागतो आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमावण्याची वेळ येते. असं झालं तर घरगुती इलाज करत न बसता, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं.

आता कानाबद्दल. नौकेवर उभा राहून मेस्त्रीने तांडेलाला लायनरचं माप सांगितलं. इंजिन बंद होतं, वाराही नव्हता. तांडेल म्हणाला, “काय?” मेस्त्रीने पुन्हा सांगितलं आणि शेवटी खडूने फळीवर लिहून दाखवलं. दोघांनाही यात काही वेगळं वाटलं नाही.

तांडेलाची केबिन बहुतेक नौकांवर इंजिनाच्या डोक्यावर असते. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मोठ्या व्यापारी जहाजांच्या इंजिनघरासाठी ११० डेसिबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मासेमारी नौका त्या नियमातून वगळलेल्या आहेत. मोजायला यंत्र नसेल, तर साधी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर ८५ ओलांडलेले आहेत.

आतल्या कानातल्या कॉक्लिया या गोगलगायीच्या शंखासारख्या अवयवात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. लायनर मुंबईहून मागवता येतो, यांचा सुटा भाग मिळत नाही. ऱ्हासाची सुरुवात ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांपासून होते, त्यामुळे माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. स्वर ऐकू येतात, ‘स’, ‘फ’, ‘थ’ गळतात. लिलावात ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू येतं. तिथे निदान हातवारे असतात. वायरलेसवर ते नसतात, आणि अंधारात पाण्यात पडलेल्या खलाशाच्या हाकेलाही नसतात.

श्रवणचाचणीआधी कानाला किमान चौदा तास शांतता मिळालेली असावी, कारण आवाजाने आलेला तात्पुरता बधिरपणा तोवर बराचसा उतरतो. हंगामात चौदा तास कोण देणार? बंदीत ते आपसूक मिळतात. चाचणीला अर्धा तासही लागत नाही. इंजिन बाहेर काढलेलंच असतं, तेव्हा त्याखालचे रबरी माउंट बदलणं, सायलेन्सर दुरुस्त करणं आणि इंजिनावरच्या झाकणाला आतून आवाज शोषणारा थर लावणं हे तेव्हाच स्वस्तात होतं. केबिनमध्ये कानावर इअरमफ चढवावेत. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी आहेत, हे मात्र मी दोनदा सांगूनही कुणाला पटलेलं दिसलं नाही.

जुलैच्या शेवटी इंजिन बसवून पहिल्यांदा चालवतात. मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवतो आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतो. टॅपेटची बारीक टिकटिक नीट आहे का, ते असं ऐकतात. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचाच हा भाऊ. यंदा मेस्त्रीने थोडा वेळ ऐकलं, मान हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हर अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात दिला. “तू ऐक. मला आता ती टिकटिक लागत नाही.” मुलगा धडधडत्या इंजिनावर वाकला. त्याच्या दुसऱ्या कानात कापसाचा बोळा होता.